दातेरी चाक आणि नववीचा आलेख

२००१ सालच्या ऑगस्टमधला शेवटचा शनिवार. रक्कम तीनशे दहा रुपये. हजर: मुख्याध्यापक, गणिताच्या बाई, मी आणि माझी नववीतली मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. जागा विरारमधल्या तिच्या शाळेचं ऑफिस.

तीनशे दहा हे माझं शाळेकडचं येणं होतं. वर्षभराचा जाड कागद, रबराचा तुकडा आणि शिवणकामात कापडावर खुणा करायला वापरतात ते दातेरी चाक. रबरावर कागद ठेवून चाक फिरवलं की मागच्या बाजूला टिंबांची उंच रेघ उठते. तिच्यावरून बोट फिरवून मुलगी त्रिकोण वाचते. रबर निर्मळ गावच्या सायकलवाल्याने कापून दिलं, चाक बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं. पैसे मला जड नव्हते. पण बाकीच्या मुलांच्या त्रिकोणासाठी खडू शाळा आणते, मग हिच्या त्रिकोणासाठी रबर बापाने का आणावं? जूनपासून मी एवढंच विचारत होतो.

मुख्याध्यापकांनी दोन कागद पुढे सरकवले. एक चाचणीचा पेपर, आलेखाच्या प्रश्नाला शून्य. दुसरा, भूमिती आणि आलेख सोडून सोपं अंकगणित घेण्याचा अर्ज.

"करा सही, साहेब. नियमात बसतं. पोरीचे हाल कशाला? तुमचे तीनशे दहा मी खिशातून देतो, आत्ता."

"खिशातले नकोत. शाळेचे द्या."

"तुम्हाला पैशापेक्षा भांडण हवंय."

"दोन्ही हवंय."

सही केली असती तर दहावीनंतर तिला गणित घेता आलं नसतं, आणि तिला तेच घ्यायचं होतं.

मी पेपर वाचला. उत्तरं तिने तोंडी सांगितली होती, बाईंनी लिहून घेतली होती. प्रत्येक बिंदूची उंची बरोबर. आडव्या अक्षावरचा आकडाही बरोबर, फक्त चिन्ह उलटं. अधिकच्या जागी उणे, उणेच्या जागी अधिक. न येणारं मूल इतकं शिस्तीत चुकत नाही, असं मी म्हणणार, तेवढ्यात मुलगीच बोलली.

"बाई, यावेळी आलेख तुम्ही काढलात ना?"

"हो गं. पुस्तकात आहे तस्सा. मापून."

"आणि मग कागद पालथा करून माझ्या हातात दिलात."

बाईंनी पेपराला जोडलेला आलेखाचा कागद सोडवून हातात घेतला.

"पालथा केल्यावर उजवीकडचं डावीकडे जातं, बाई. म्हणून तर आम्ही ब्रेल उजवीकडून टोचत येतो. घरी बाबा आकृती आधी उलटी काढतात. मला विचारायचंत तरी!"

बाईंनी कागद खिडकीशी उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि तिथेच पेपरावरचं शून्य खोडून पूर्ण गुण दिले.

"सर, चूक माझी. तिला दिला तो आलेख तिने बरोबर वाचलाय."

"म्हणजे आता तुम्हीपण यांच्या बाजूला?"

"आलेखाच्या बाजूला," बाई म्हणाल्या.

"आणि बोर्डाच्या परीक्षेत कोण काढून देणार हिला?"

"ते बोर्डाला विचारा," मी म्हणालो. "शाळेच्या कागदावर, तुमच्या सहीने. सही करायचीच तर ती करा."

अर्ज मी कोराच परत केला. बोर्डाला पत्र गेलं, त्यासाठी मला आणखी तीनदा ऑफिसात जाऊन बसावं लागलं. मुलगी मात्र सोमवारपासून भूमितीच्या तासाला पहिल्या बाकावर होती, आणि आकृती कशी उलटवायची ते बाईंना मधल्या सुट्टीत शिकवत होती. "बाई, तुमचा हात फार जड आहे, कागद फाटेल," असं त्यांना सुनावायचीसुद्धा.

पैसे सप्टेंबरात निघाले. कारकुनाने व्हाउचरवर 'अंध विद्यार्थिनीस मदत' लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं आणि 'गणित विषयाचे साहित्य' लिहून घेतलं. तो म्हणाला, "काका, रक्कम तर तीच ना?" मी म्हटलं, "रक्कम तीच, कारण वेगळं."

शाळेच्या खात्यातून तीनशे दहा रुपये मला मिळाले. त्यातले चाकाचे वीस मी बायकोला दिले. चाक शाळेतच ठेवलं.