फोल्डरपुरता नियम

मेश्राम सरांची आणि माझी ओळख एका उडत्या कीबोर्डने झाली. कोहमाऱ्यातल्या त्यांच्या दुकानात मी पाय ठेवला तेव्हा तो निघाला होता दुसऱ्याच कुणासाठी; लागला माझ्या कपाळावर. "वाकता येत नाही का बे?" एवढंच सर म्हणाले. चौकातल्या धर्मकाट्यावर ट्रक तोलायचा प्रोग्राम ते सांभाळायचे. दोन नोकऱ्या घालवून, तिशी ओलांडून मी त्यांच्याकडे लागलो.

त्यांचा हात लगेच उठायचा. पट्टी, स्टेपलर, जे सापडेल ते. पण शिकवणं पक्कं. फायली लिहायच्या प्रोग्रामची, म्हणजे एडिटरची, सर्वसाधारण सेटिंग कॉम्प्युटरवरच्या साऱ्या फायलींना लागते. फोल्डरात वेगळी ठेवली, तर तिथे फोल्डरचंच चालतं. हे मी पाठीत गुद्दा खाऊन शिकलो. "एका फोल्डरसाठी साऱ्या गावाले कायले वेठीस धरून राहिला? जिथलं तिथं लाव!"

मला टापटिपीची भारी हौस. सेव्ह करताना ओळीशेवटच्या मोकळ्या जागा आपोआप पुसल्या जाव्यात, असं मी सर्वसाधारण सेटिंगमध्ये करून ठेवलं. "काट्याच्या फोल्डरात ते बंद ठेव," सरांनी बजावलं होतं. तिथल्या यादीत प्रत्येक ट्रकच्या रिकाम्या वजनाची ओळ मोकळ्या जागा धरून चाळीस अक्षरांची, आणि प्रोग्राम अक्षरं मोजूनच ती वाचायचा. मी विसरलो. एक नवा ट्रक यादीत घालून फाईल सेव्ह केली. मोकळ्या जागा पुसल्या गेल्या, ओळी आखूड झाल्या.

दुपारपर्यंत काटा एकाच्या ट्रकला दुसऱ्याचं वजन लावत सुटला. काट्यात चोरी आहे म्हणत सात-आठ ड्रायव्हर दुकानात घुसले. काच फुटली, मॉनिटर फुटला. "किसने किया?" एकाने चाक खोलायची लोखंडी टामी माझ्यावर उगारली. सर मध्ये आले. "मैंने किया. बोल!" टामी त्यांच्या उजव्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

हात पुन्हा सरळ झालाच नाही. प्लास्टर असताना मी रडत माफी मागितली, तर डाव्या हाताची कानाखाली बसली. "रडून काऊन राहिला? सेटिंग बदलली का?" घाबरून मी सर्वसाधारण सेटिंगच बंद केली होती. ते पाहून सरांनी आणखी एक ठेवून दिली. मग डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत फोल्डरची सेटिंग स्वतः लिहिली.

सर गेल्यावर मी सडक अर्जुनीला त्यांच्या घरी गेलो. सरांच्या पत्नीने चहा दिला. "दुकानात कधी रागवत होते का जी? घरी तर कुत्र्यालेबी हाड म्हणाले नाहीत. हात कसा मोडला, तेबी सांगितलं नाही."

मी कपाळावरच्या खुणेवर केस ओढले.

"रागवत नव्हते," मी म्हणालो. "हात माझ्यामुळे मोडला."