काळ्या परकराखालचा बँड

पासष्टचा सप्टेंबर, जयपूर. बाबा इन्शुरन्सच्या कामाला जोधपूरला गेलेले आणि तिकडे पाकिस्तानचे बॉम्ब पडायला लागले... ना तार, ना पत्र.

मी सोळा वर्षांची. लोकांसमोर तोंड उघडायची इतकी धास्ती की नववीतच शाळा सोडलेली. वर्गात उभं राहून हिंदी वाचायचं असलं की मी त्या दिवशी शाळेलाच जायची नाही.

आई बाळंतीण, घराबाहेर पडता येत नव्हतं. फोन फक्त शेजारच्या डॉक्टरकाकांकडे. आई रोज मला पाठवायची, "काकांना म्हण, जोधपूरला ट्रंक कॉल लावून द्या." मी जायची, त्यांच्या रेडिओग्रामवर बातम्या ऐकायची आणि न विचारताच परत येऊन आईला सांगायची, लाईन लागत नाही...

त्या संध्याकाळीही तेच. ब्लॅकआऊट म्हणून दिवे बंद. डायलचा उजेड दिसू नये म्हणून काकूंनी रेडिओग्रामवर काळा परकर टाकलेला. बातम्या संपल्या आणि काकांनी त्याच रेडिओग्रामवर लंडनहून आणलेली एलपीची तबकडी लावली. वीसेक जणांचा जॅझ बँड, सगळं संगीत त्यातल्या सॅक्सोफोनवाल्यानेच रचलेलं.

"अहो, बाहेर लढाई आणि घरात हे काय बोंबलणं!" काकू वैतागल्या.

"ऐक गं," काका मला म्हणाले. "तो एकटा फुंकतो, मग बाकीचे सगळे मिळून त्याला उत्तर देतात." मी नुसती मान हलवली. फोनचं आजही विचारलं नाही.

तेवढ्यात सायरन झाला. लगेच लाईट गेली आणि अख्खा बँड कण्हत कण्हत खाली बसला. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाखाली. बाबांना तिकडे निदान टेबल तरी मिळालं असेल का?

शेवटी ऑल क्लिअरचा भोंगा झाला. आम्ही बाहेर यायला लागलो, तर अंधारातून परत एक आवाज. बारीक... मग मोठा, मग आणखी मोठा.

"आले मेले परत!" काकूंनी आम्हा दोघांना आत ओढलं. काकांचं डोकं टेबलावर आपटलं. मी डोळे गच्च मिटले, आता संपलं सगळं... आणि एकदम ड्रम वाजला.

लाईट आली होती. रेडिओग्रामचे व्हॉल्व्ह तापले तसा तो परकराखाली हळूहळू परत गायला लागला होता.

"काकू... बँड आहे तो," मी म्हटलं.

"मेला तो बँड!" काकू हसत सुटल्या. काका डोकं चोळत हसत होते. दिवे अजून बंदच, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. त्या हसण्यातच माझ्या तोंडून निघालं, "काका, बाबांना फोन लावाल?"



"वेडाबाई," काका हळूच म्हणाले, "म्हणजे इतके दिवस तू यासाठी येत होतीस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन लागली. खरखरीतून बाबांचा आवाज आला, "बाळ दूध पितंय ना गं?" मी नुसती रडत होते.

आता कुणी लाजरं मूल घरी आलं की मी त्याच्याकडे बघत नाही. दुसरीकडे बघत काहीतरी काम करत राहते... मग बोलतं ते.