ताहिराबाईंची शिक्षा

ताहिराबाई परकारांना कुणी "तुम्ही लेखिका ना?" असं विचारलं, की त्या नवऱ्याकडे बोट दाखवतात. "छे गो, मी यांची म्हावरेवाली." यूसुफभाई इथे कुवेतमध्ये शर्कच्या मासळी बाजारात घाऊक धंदा करतात, त्यामुळे हे निम्मं खरंच आहे. उरलेलं निम्मं मी सांगते, कारण त्या स्वतः सात जन्मांत सांगणार नाहीत.

बाई मूळच्या हर्णैच्या. आधी उर्दू शाळा, मग मराठी, मग बी.एड. करून दापोलीला मुलांना मराठी शिकवायच्या. लग्न झालं, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना लागला आणि कुवेतच्या सलवा भागातल्या फ्लॅटमध्ये येऊन पडल्या. इथल्या भारतीय शाळेत मराठीला जागा नव्हती, हिंदीला होती. "बरं, हिंदी तर हिंदी," म्हणून रुजू झाल्या. पण जीव रमेना, म्हणून मराठीत गोष्टी लिहायला घेतल्या. पहिलीच गोष्ट हर्णैच्या पापलेटाची. ते पोहत पोहत कुवेतला येतं, तर बाजारात जो तो त्याला अरबीत 'झुबैदी' म्हणतो आणि ते बिचारं विचारतं, "मग मी कोण?" रत्नागिरीच्या एका छापखान्याने पुस्तक काढलं. आम्हा मराठी नर्सेसनी ते हौसेने घेतलं आणि कपाटात ठेवलं. ज्यांच्यासाठी लिहिलं ती आमची पोरं मराठी वाचतातच कुठे? माझ्या आशयला "जेवलास का?" विचारलं, की "येस मम्मा" येतं.

मग बाईंनी कंबर कसली आणि इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शुक्रवारचा मराठी वर्ग सुरू केला. आधी पोरं खाऊसाठी यायची, पुढे गोष्टींसाठी यायला लागली. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर शत्रुघ्न मोहिते मात्र नाराज होते. "पोरांवर आधीच भाषांचं ओझं आहे. मंडळाच्या कार्यक्रमात बघू काय शिकलेत, मग हॉलचं ठरवू," असं त्यांनी सांगितलं. बाई मला म्हणाल्या, "हॉल गेला तर वर्ग गेला, अक्षदा. मग मी लिहू कोणासाठी?"

कार्यक्रमात माझे चिरंजीव माइकसमोर उभे राहिले. "आमच्या ताहिरा टीचर खूप चांगल्या आहेत. त्या दर शुक्रवारी आम्हाला शिक्षा देतात."

पुढच्या रांगेतल्या आया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मला शिक्षा खूप आवडते. मी घरी पण खूप चेष्टा करतो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. डॉक्टर ताडकन उठले. "कसली शिक्षा देता हो मुलांना?"

बाईंनी ओढणीत तोंड लपवलं होतं. मला वाटलं रडतायत, तर त्या हसून हसून बेजार झालेल्या. "हिंदीतली शिक्षा, डॉक्टर! शिकवतात म्हणायचंय त्याला. आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. दोन्ही शब्द शाळेत हिंदीच्या तासाला मीच शिकवलेत. गुन्हेगार मीच!"

सगळे खो खो हसले. डॉक्टर सोडून. "हेच मी म्हणत होतो. नुसती खिचडी! धड हिंदी नाही, धड मराठी नाही. हा वर्ग आता बंद करू."

बाईंचं हसू विरलं. त्या खाली बघून ओढणी सारखी करत राहिल्या. मला डॉक्टरांचा असा राग आला, की आमच्या हॉस्पिटलातला त्यांचा हुद्दा वगैरे सगळं विसरून चार शब्द सुनावायला मी उठणारच होते.

तेवढ्यात डॉक्टरांची मुलगी तारा आशयला हलवायला लागली. ही कधी वर्गाला आली नव्हती. "एव्हरीवन लाफ्ड. व्हॉट वॉज सो फनी?" आशयने तिच्या कानात बराच वेळ काहीतरी समजावलं. ती हसली, पण सगळे हसून झाल्यावर, एकटीच. मग तरातरा बाईंपुढे जाऊन उभी राहिली. एकेक शब्द चाचपडत म्हणाली, "टीचर, मला पण शिक्षा द्या ना."

बाईंनी तिला जवळ ओढलं. "देते गो बाय," त्या म्हणाल्या. माझे तर डोळे भरूनच आले.

डॉक्टर उभेच होते. घरी ही पोर त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. ते हळूच खाली बसले.

"तारा, परत म्हण बघू," ते म्हणाले.

तिने परत म्हटलं.

डॉक्टरांनी घसा खाकरला आणि बाईंकडे न बघताच विचारलं, "शुक्रवारी किती वाजता आणून सोडू हिला?"