दुपट्यातला उजवा हात

माझं बाळंतपण दोंडाईच्याला, माहेरी झालं. बाळाचा खांदा अडकला होता, त्याला ओढून काढावं लागलं. उजवा हात हलत नव्हता. "सूज आहे, उतरेल," असं दवाखान्यात सांगितलं आणि आम्ही मायलेकी शहाण्यासारख्या गप्प बसलो. आई त्याला आंघोळ घालून दुपट्यात घट्ट गुंडाळायची, दोन्ही हात आत. "मना राजा कितला शांत शे," म्हणायची. मीही खुशाल ऐकून घ्यायचे.

दोन महिने झाले तरी हात तसाच, म्हणून जळगावला नेलं. डॉक्टरांनी हाताचं ऑपरेशन लागेल म्हणून त्याआधी एमआरआय करायला सांगितला. भूल नको, म्हणाले. पोटभर पाजा, घट्ट गुंडाळा, आपोआप झोपेल. आधी काळ्या मण्यांच्या मनगट्या काढायच्या होत्या. डाव्या हातातली काढताना त्यानं मूठ आवळून नुसता दंगा केला. उजव्या हातातली अलगद निघून आली. आईनं रोजच्यासारखं दुपटं गुंडाळलं. मशीन ठणठणत राहिलं आणि तो झोपून राहिला.

डॉक्टरांनी पडद्यावर मणक्याशेजारचा पांढरा ठिपका दाखवला. "हाताची नस इथून निघायला हवी. ती मुळापासून उपटली गेलीय. आता इथं नुसतं पाणी आहे."

दोन महिने आम्ही कशाचं कौतुक करत होतो!

बाळ जागं झालं. आईनं दुपटं सोडलं. डावा हात लगेच बाहेर उसळला. उजवा छातीवर, तिनं दुमडून ठेवला होता तसाच होता.