पेडगावचा हीट पंप आणि जिजींचा हात

"साहेब, तुमीच एकदा जिजीला सांगा. फोन स्पीकरवर ठेवतो. तुमचं ऐकंल ती."

सकाळचे साडेनऊ झाले होते. मी परभणीत एका डॉक्टरांच्या गच्चीवर पाइपला इन्सुलेशन गुंडाळत होतो. फोन पेडगावच्या गुरुजींचा. दीड महिन्यापूर्वी मी त्यांच्या घरी पाणी तापवायचा हीट पंप बसवला होता.

"काय झालं गुरुजी?"

"काही न्हाई हो. आज आपल्या प्रणिताला बाळंत होऊन सव्वा महिना झाला. सासरची माणसं यायलीत न्यायला. पोरगी म्हणती, आज मी बाथरूममधी शॉवरखाली न्हाते. अन् जिजी दारात आडवी उभी. म्हणती, नळाला हात लावला की मुंग्या यायल्यात."

मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

"जिजी, वय किती झालं तुमचं? या वयात हाताला मुंग्या येतातच. मशीनमध्ये काही नाही. अर्थिंग मी स्वतः केलंय, वर RCCB आहे, करंट गळला की लाईट पाडतो. करू द्या पोरीला मोकळी आंघोळ."

गुरुजी खूश. "ऐकलंस ना जिजी? इंजिनिअर सांगायलेत." मग मला म्हणाले, "मशीन एक नंबर चालायलंय बरं का. फक्त ते चालू झालं की घरातला पंखा जरा मलूल व्हतो. बुधवारपासून. बरं, ठेवतो. पाव्हण्यांना फाट्यावरून आणायचंय."

फोन बंद झाला. मी टेपचा रोल पुन्हा हातात घेतला. दोन वेढे घातले असतील. तिसऱ्या वेढ्याला हात थांबला.

पंखा मलूल होतो. बुधवारपासून.

मंगळवारी संध्याकाळी आमच्या भागात वादळी वारं सुटलं होतं. गावोगाव तारा तुटल्या होत्या. आणि तारा तुटल्या की आमच्याकडे गावातला वायरमन काय करतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या वडिलांच्या घरी मी लहानपणापासून तेच बघत आलो.

थोडं समजावून सांगतो. घरात वीज दोन तारांनी फिरते. एका तारेने येते, ती फेज. दुसरीने परत जाते, ती न्यूट्रल. खांबावरची न्यूट्रल तुटली की घरातलं सगळं बंद. लाइनमन यायला दोन दिवस लागतात. मग गावातला वायरमन एक वायर घेतो आणि घरातली परतीची तार सरळ जमिनीतल्या अर्थिंगच्या रॉडला जोडून देतो. वीज जमिनीतून परत जाते. दिवे लागतात, पंखे फिरतात, वायरमनला चहा मिळतो. "अर्थिंगवर घेतलंय" असं लोक सहज सांगतात, जणू गाडीला स्टेपनी लावली.

गुरुजींच्या जुन्या वायरिंगला अर्थिंगच नव्हतं. ते मी केलं, खास हीट पंपासाठी. खड्डा, तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, कोळसा, मीठ, वरून पाणी. इतकं छान अर्थिंग बघून वायरमनला मोह झाला असणार. त्याने तिथेच तार आणून जोडली असणार.

त्याच रॉडवरून माझी अर्थिंगची हिरवी वायर हीट पंपाच्या टाकीला गेली होती. टाकीपासून बाथरूमपर्यंतचा पाइप जुना, लोखंडी. पुढे नळ, आणि नळाला मी लावलेला स्टीलचा हँड शॉवर. म्हणजे घरभराचा परतीचा करंट ज्या खड्ड्यात उतरत होता, त्याच खड्ड्याला न्हाणीचा नळ बांधलेला होता. खड्डा ओला असेपर्यंत निभावतं. पण उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळते. खड्डा वाळला की करंटला खाली वाट मिळत नाही, म्हणूनच पंखा मलूल. मग तो टाकीवर आणि नळावर येऊन वाट बघत बसतो, कुणीतरी हात लावण्याची.

आणि RCCB? तो आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तुलना करतो. फरक दिसला की पडतो. इथे त्याला फरक दिसणारच नव्हता, कारण त्याच्यातून जाऊन येणारा हिशेब चोख होता. गडबड त्याच्या पाठीमागे होती. ज्याच्या भरवशावर मी जिजींना गप्प केलं, तो या बाबतीत आंधळा होता.

सगळ्यात वाईट पुढे आहे. कुणी शॉवर सोडला की टाकीतलं गरम पाणी जातं, गार पाणी आत येतं, आणि मशीन चालू होतं. मशीन चालू झालं की करंट वाढतो. म्हणजे अंग ओलं, पाय ओले, हातात स्टीलचा शॉवर, आणि नेमकं त्याच वेळी नळावरचा व्होल्टेज चढणार.

आणि मी सांगितलं होतं, करू द्या.

मी गुरुजींना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. सहा वेळा लावला. ते मोटरसायकलवर असणार, फोन खिशात. घरातला दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता. कस्टमरचा एकच नंबर घ्यायचा, ही आमची पद्धत. गच्चीचा जिना मी भिंत धरून उतरलो.

खाली आल्यावर वीज कंपनीतल्या ओळखीच्या लाइनमनला फोन लावला.

"पेडगावचा फिडर बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"असं कसं बंद करता येतंय साहेब? परमिट लागतंय. वरती विचारावं लागंल."

"नळात करंट उतरलाय. बाथरूममध्ये बाळंतीण आहे."

तो म्हणाला, "सबस्टेशनला बोलून बघतो," आणि फोन कट झाला. बंद करतो म्हणाला नाही. बघतो म्हणाला.

मी गाडीला किक मारली. पाथरी रोडला एका एसटीच्या मागे अडकलो. समोरून उसाचे रिकामे ट्रक एकामागून एक येत होते आणि ओव्हरटेक करायला जागा नव्हती. अर्धा तास लागतो पेडगावला. त्या अर्ध्या तासात डोक्यात काय काय आलं, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एक मात्र लिहितो, कारण त्याची लाज वाटते. मला आधी माझा इन्स्टॉलेशन फॉर्म आठवला. 'अर्थिंग तपासले' या ओळीपुढे माझी सही होती. पोलिस विचारतील तेव्हा ती सही उपयोगी पडेल, असा विचार माझ्या मनात आला. पोरीचा विचार त्याच्यानंतर आला. आणि तान्ह्या बाळाचा त्याच्याही नंतर.

मग जिजी आठवल्या.

जिजी म्हणजे गुरुजींची आई. गुरुजींच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी वारल्या, त्यामुळे नातीचं बाळंतपण सगळं जिजींनीच काढलं. चुलीवर पाणी तापवून धुराने त्यांचे डोळे चुरचुरायचे, म्हणून पुण्याच्या जावयाने हीट पंप घेऊन दिला. हे मशीन हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतं. म्हणून त्याच्या तोंडातून गार हवा बाहेर पडते. मी मशीन बसवलं ते पाइप कमी लागावा अशा बेताने. गार हवेचं तोंड नेमकं बाळंतिणीच्या खिडकीकडे आलं. आठ दिवसांत कंप्लेंट आली, मशीन बंद पडतंय. जाऊन बघतो तर मशीनला जाड गोधडी गुंडाळलेली, वर सुतळीने बांधलेली. हवा कोंडून त्याच्या जाळीवर बर्फ धरला होता.

"बाळंतिणीला वारा लागायलाय," जिजी म्हणाल्या होत्या.

"जिजी, बाळंतपण पोरीचं झालंय, मशीनचं नाही," मी म्हणालो होतो. ओसरीवरची सगळी माणसं हसली. मला आपल्या विनोदाचं कौतुक वाटलं. जिजींनी गोधडी सोडली, घडी घातली आणि आत गेल्या. मशीन फिरवून बसवणं एका तासाचं काम होतं. मी ते केलं नाही. उलट निघताना गुरुजींना म्हणालो, असल्या कारणासाठी मला बोलावत जाऊ नका.

त्यांनी माझं ऐकलं. न्यूट्रल तुटली तेव्हा मला बोलावलं नाही.

गावात शिरलो. पिठाची गिरणी बंद होती. गिरणीवाला बाहेर ओट्यावर बसून पेपरने वारा घेत होता. म्हणजे लाईट गेली होती. पण कधी? मी गाडी थांबवून विचारलं.

"झाली असतील पंधरा-वीस मिनिटं. काय झालं?"

पंधरा-वीस मिनिटं. माझा फोन होऊन पस्तीस झाली होती. मधली मिनिटं कुणाची होती, ते गिरणीवाल्याला माहीत नव्हतं.

गुरुजींच्या दारात चपलांचा ढीग होता. बायकांच्या, पुरुषांच्या, दहा-बारा जोड. आणि घरातून आवाज येत नव्हता. सासरची माणसं येणार होती हे मला सकाळी सांगितलेलं होतं, तरी त्या क्षणी ते मला आठवलं नाही. चपला आणि शांतता, एवढंच दिसलं. मी गाडी स्टँडवर लावलीच नाही. ती तशीच आडवी पडली.

ओसरीवर माणसं बसली होती, चहाचे कप हातात धरून. बाळ झोपलं होतं म्हणून सगळे हळू बोलत होते.

"प्रणिता कुठंय?" मी ओरडलोच.

आतल्या खोलीच्या दारात ती आली. केस ओले, डोक्याला टॉवेल. "काय झालं काका?"

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस, खांद्याला टूल बॅग, परक्याच्या दारात रडतोय. पाव्हणे एकमेकांकडे बघायला लागले.

जिजी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी विचारलं, "ती शॉवरखाली न्हायली नाही?"

"न्हाई."

"मी तर सांगितलं होतं, करू द्या म्हणून."

"सांगितलं की. समद्यांनी ऐकलं बी." त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "ती कडी लावायला लागली, त्याच्या आदीच म्या बादली भरून खोलीत नेली व्हती. म्हणलं बाई, आजचा दिस माझ्या हातचं न्हा. उद्या सासरी गेल्यावर कोण घालतंय? आली मग भाईर."

"पण माझं ऐकून तुम्हाला शंका आली नाही? वाटलं नाही की हा बरोबर सांगत असेल?"

"तुमी शिकलेले. बरुबरच सांगत असताल." जिजींनी उजवा हात पुढे केला. "पर हात माझा व्हता."

तीन दिवस त्या तो नळ कोरड्या फडक्याने फिरवत होत्या, पायात स्लिपर घालून. प्लास्टिकच्या बादलीत पाणी भरायचं, नळ बंद करायचा, बादली उचलून खोलीत न्यायची आणि मग बाळाच्या अंगावर पाणी घालायचं. नळाखाली बाळाला नेलंच नाही. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी एकदाच सांगून पाहिलं, आज सकाळी, तेव्हा मी हसलो.

मी लाइनमनला फोन केला. म्हणालो, पाच मिनिटं लाईट द्या. सगळ्यांना अंगणात उभं केलं. मल्टिमीटरची एक तार नळाला लावली, दुसरी ओल्या फरशीवर ठेवली. नुसता फ्रीज आणि पंखे चालू असताना चाळीस व्होल्ट. मग मी गरम पाण्याचा नळ लांबून काठीने सोडला. थोड्या वेळाने मशीन घरघरलं. आकडा चढत गेला. साठ. ऐंशी. शंभराच्या जवळ जाऊन थांबला.

गुरुजी माझ्या खांद्यावरून बघत होते. "किती असलं म्हंजी धोका?"

"ओल्या अंगाला पन्नास पुरे."

गुरुजी खाली बसले. म्हणाले, "वायरमनला मीच म्हणलो, काही बी कर, पर लाईट चालू करून दे. बाळंतिणीचं पाणी थांबायला नको."

दुपारी लाइनमन आला आणि खांबावरची न्यूट्रल जोडून गेला. मी रॉडवरची ती तार काढली, खड्ड्यात पाणी ओतलं, अर्थिंग मोजलं. या वेळी अर्थ टेस्टरने मोजलं, मागच्यासारखं नुसता बल्ब पेटवून नाही. मग मशीन सोडून त्याचं तोंड अंगणाकडे फिरवलं. एक तास लागला. जिजी तोवर पाट घेऊन बसून होत्या. काम झाल्यावर मी मीटर लावला. शून्य आलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या उठल्या, स्लिपर काढल्या, फडकं बाजूला ठेवलं आणि नळाखाली हात धरला. मी श्वास रोखून उभा होतो, मीटरवर शून्य दिसत असताना.

"आता न्हाई," त्या म्हणाल्या. मग मी फॉर्मवर सही केली.

आता आमच्या इन्स्टॉलेशन फॉर्मवर कस्टमरच्या सहीच्या वर मी पेनाने एक ओळ वाढवतो: 'घरात नळाला आधी हात कोण लावतं? त्यांचं म्हणणं.' ऑफिसमधून साहेबांनी विचारलं, "हे काय नवीन?"

"टेस्टिंग," मी म्हणालो.