जहाज मोडेपर्यंत

त्या जहाजाचं नाव मी लिहीत नाही. मी चार यत्ता शिकलो, त्याही मराठी. नाव होतं इंग्रजी. पण त्याची अक्षरं मी दुकानाच्या फळीवर डांबरानं काढून ठेवली होती. हुबळीच्या बाजारात आमचं लोखंडाचं दुकान. रोज फळ्या उघडताना आधी ती अक्षरं बघायची, मग तराजूला हात लावायचा.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वेळी पलटणीत गेला. मुंबईच्या गोदीतून त्या जहाजावर चढला. बसऱ्याला पलटण उतरली तेव्हा त्यात तो नव्हता. सरकारनं बेपत्ता म्हणून कळवलं नि हात झटकले. त्याच्या शेजारी झोपणारा शिपाई आमच्या जवळच्या कलघटगीचा होता. लढाई संपल्यावर तो घरी येऊन सांगून गेला, "समुद्रात पडताना बघितलं नाही, उतरतानाही बघितलं नाही. एके दिवशी नव्हताच की हो."

मी म्हटलं, मग तो जहाजावरच आहे. लढाईला कंटाळला असेल, खलाशांत मिसळला असेल, भटारखान्यात कांदे चिरत असेल. परत आला तर पलटण धरून नेईल, म्हणून येत नाही. वहिनीला हे पटलं. तिनं कुंकू पुसलं नाही.

मग मी जहाजाच्या मागं लागलो. टेशनावर शिपायांची गाडी थांबली की जायचो, गोदीशी व्यवहार असलेला व्यापारी भेटला की विचारायचो. विलायतेत बांधलेलं, गोऱ्या उतारूंसाठी. लढाईत त्याच्या गाद्यागिरद्या काढून टाकल्या, राखी रंग फासला नि खालच्या मजल्यावर हुक ठोकून शिपायांना झोपायला कापडी झोळ्या टांगल्या. बसरा, सुवेझ, इटली. दोनदा पाणसुरुंगातून वाचलं म्हणे. लढाईनंतर तेच जहाज उरलेली माणसं परत आणत होतं, मग घरदार सुटलेली माणसं वाहत होतं, मग दुसऱ्याच कुठल्या देशाची पलटण. थांबतच नव्हतं. बाजारात लोक विचारायचे, "काय सावकार, जहाज कुठवर आलं?" मी सांगायचो. ते हसायचे, हसू देत.

बारा वर्षं झाली तेव्हा आमचे वडील, अप्पा, अंथरुणाला खिळले होते. आमचं गाव मुंबई राज्यातून म्हैसुरात गेलं तेच वर्ष. भटजी म्हणाले, बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं असतं, नाहीतर त्याला गती नाही. अण्णाला मूल नव्हतं. अग्नी द्यायचा तो मीच.

मी म्हटलं, "देणार नाही. जहाज चालू आहे."

अप्पा म्हणाले, "साकु बिडु, पुरे झालं आता. मला माझ्या पोराला पाणी मिळालेलं बघून जायचंय."

"जहाज मोडलेलं माझ्या डोळ्यांनी बघेन, त्या दिवशी देईन. त्याआधी नाही."

म्हटलं आणि अडकलो. दोनेक महिन्यांत समोरचा भंगारवाला दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "सावकार, तुमचं जहाज बाजारात आलं की. मुंबईत तोडायला घेतलंय. पत्रे घेणार काय?" आधी मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याचं तोंड थट्टेचं नव्हतं.

मी मुंबईला गेलो. चिखलात ते आडवं पडलं होतं, मागचा अर्धा भाग नव्हताच. पुढच्या नाकाडावर अक्षरं होती. मी एकेक अक्षर बोटानं हवेत काढून पाहिलं. फळीवरचीच होती. मुकादमाला विचारलं, यावरची माणसं कुठं गेली? तो म्हणाला, "कुठली माणसं? रिकामंच आलंय." तरी मी आत शिरलो. भटारखाना शोधला, तिथं नुसतं आभाळ दिसत होतं. खालच्या मजल्यावर झोळ्यांचे हुक ओळीनं होते. अण्णाला मी हाक मारली. एकदाच नव्हे. पत्रा कापणारे काम थांबवून बघत राहिले, मग पुन्हा कापायला लागले. मी एक हुक पिळून काढला नि घेऊन आलो.

घरी आल्यावर तो वहिनीपुढं ठेवला. वहिनीनं हुक हातात घेतला. भटजींना बोलावलं. ती दाराआड उभी राहून म्हणाली, "दहन झालं नि मग हे आले तर?"

भटजी बिचकले. म्हणाले, "शास्त्र आहे. त्याला तुपाच्या भांड्यात घालून बाहेर काढायचं, म्हणजे नवा जन्म. मग बारसं, मुंज, सगळं पुन्हा."

"आणि लग्न?"

"तेही. त्याच बायकोशी."

"मग करा," वहिनी म्हणाली. मला म्हणाली, "भावजी, तुमचा शब्द आहे. द्या अग्नी."

पळसाची पानं कलघटगीच्या त्याच शिपायानं आणली. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. अप्पांना खाटेसकट तळ्याकाठी नेलं. मी अग्नी दिला. पानं ओली होती, पेटेनात. परत परत काडी लावावी लागली, आणि दर वेळी वाटे, आता कुणीतरी मागून हात धरील. अप्पा त्याच महिन्यात गेले.

वहिनीनं कुंकू पुसलं. पण माजघराच्या तुळईला तो हुक ठोकून घेतला, त्याला शिंकं बांधलं नि त्यात तुपाचं मोठं गाडगं ठेवलं. त्याला घरात कुणी हात लावायचा नाही. तूप खवट झालं की दिव्याला काढायची नि नवं कढवून भरायची. माझी सून एकदा वहिनीला म्हणाली, "अक्का, एवढ्या तुपात माणूस मावतोय थोडाच?" वहिनी म्हणाली, "बोट बुडलं तरी पुरे."

आता वहिनी नाही. अण्णा आला तर त्याचं लग्न कुणाशी लावायचं, हे विचारायला भटजीही नाहीत. लोकं म्हणतात, म्हाताऱ्या, आता ते गाडगं उतरव. मी उतरवत नाही. गेल्या आठवड्यात तूप खवट झालं होतं, मी नवं कढवून भरलं.