प्रयागबाईचे दार आणि सासू-सुनेचा खेळ

जानेवारी १९३९. सकाळचे सव्वाआठ वाजले होते. वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारतळावर, फिरत्या बोलपटाच्या तंबूत, प्रयागबाई बायकांच्या बाजूचे खडे वेचत होती. मधली कनात तिने आधीच ताणून बांधली होती. वय छत्तीस, नवरा १९१८च्या मानमोडीच्या, म्हणजे तापाच्या, साथीत गेलेला. दोन महिन्यांपासून तिचे काम एकच, बायकांच्या दारावर तिकिटे देणे.

तंबूचे मालक बाबूलालशेठ अकोल्याचे. बायकांसाठी वेगळे दार हा त्यांचा प्रयोग होता आणि तो फसत चालला होता. तलवारीच्या खेळांना पुरुषांची बाजू भरे, बायकांकडे पंधरा-वीस जणी. देवाचा खेळ असला की मात्र पाच-सहा कोसांवरून गाड्या जुंपून येत. बाया उपास धरत, चपला बाहेर ठेवत, पडद्यापुढे नारळ ठेवत. आज देवाचा खेळ लागणार होता. आजही बाजू भरली नाही तर दार बंद, असे शेठनी चार दिवसांपूर्वीच सांगितले होते. दार बंद म्हणजे प्रयागबाई पुन्हा जिनिंगात, कापसाच्या धुळीत.

नऊला वाशीम स्टेशनावरून रिळांची पेटी आली. यंत्र चालवणाऱ्या फय्याजने झाकण उघडून रिळांवरचे नाव वाचले. खेळ पुरवणाऱ्या गोदामाने दुसरीच पेटी धाडली होती. हा खेळ त्याने अकोल्यात चालवलेला होता. सासू, सून, एक कोर्टाचा देखावा, शेवटी सून मुलींची शाळा काढते. देव कुठेच नाही.

शेठ प्रयागबाईकडे वळले. "देवाचाच म्हनून सांग. देव्हारा तं असंनच कुठी तरी त्यात."

प्रयागबाईने खडे टाकून हात झाडले. कामावर लागली तेव्हा शेठनीच तिला धंदा समजावला होता. मुंबईच्या कंपन्या देवाचे, तलवारीचे, जादूचे, घरगुती असे ठरलेल्या जातींचे खेळ काढतात. तोच महाल, तेच मुकुट तीन खेळांना पुरतात, आणि माणसाला तंबूत शिरण्याआधीच आत काय मिळणार ते ठाऊक असते. म्हणून श्रावणात देव मागवायचे, कापूस विकला गेला की तलवारी.

"शेठजी, पोत्यावर तूर सांगून आत ज्वारी भरली तं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईन काय?" तिने विचारले. "अन् या बाया उपाशी येऊन राह्यल्या."

शेठ म्हणाले, खरे सांगून दार रिकामे राहिले तर ते तिच्याच माथी. ती हो म्हणाली. मग तिने फय्याजकडून सगळी गोष्ट दोनदा ऐकून घेतली. बाजारात बांगड्यांच्या दुकानांपुढे बसून दुपारपर्यंत ती एकच सांगत राहिली: देवाचा खेळ आला नाही, सासू-सुनेचा आला आहे, रडायला येईल, पण शेवट चांगला आहे. काही जणी तोंड वाकडे करून उठल्या. काही जणींनी सून कोणत्या घरची ते विचारले.

लांबच्या गावांना निरोप पोचणे शक्य नव्हते. साडेपाचला केनवडच्या चार गाड्या आल्या. पहिलीतून तुळसाबाई उतरली. साठीची, हातात नारळ, मागे सून हेमला. प्रयागबाईने तिकीट देण्याआधीच खरे ते सांगितले.

"मंग आमी कायले आलो इतक्या दूर?" तुळसाबाई म्हणाली.

मागच्या गाड्यांतल्या बायाही थांबल्या. तुळसाबाई परतली असती तर त्याही परतल्या असत्या.

तुळसाबाईने विचारले, "सासू वाईट दाखवली काय?"

"पयले वाईट हाये, आत्याबाई. मांगून सुधरते."

"आपल्या मनानं सुधरते, का सून सुधरवते?"

"ते मी सांगतलं तं तुमी आत कायले जासान?"

हेमलाने हसू दाबत पदर तोंडाला लावला. तुळसाबाईने वळून तिच्याकडे पाहिले, नारळ तिच्या ओटीत टाकला आणि म्हणाली, "चाल. पाहू तं खरं, कोन कोनाले सुधरवते."

चारही गाड्यांतल्या बाया आत गेल्या. त्या संध्याकाळी बायकांच्या बाजूला एकशे बारा जणी बसल्या. देवाच्या खेळाला दीडशे येत. शेठनी कनातीआडून दोनदा डोकावले. मध्यंतरात सासूला शिव्या देणाऱ्यांत तुळसाबाईचा आवाज सर्वांत मोठा होता.

खेळ सुटल्यावर शेठनी कागद मागवला. त्यांनी फय्याजकडून गोदामाला पत्र लिहून घेतले: चुकून आलेला खेळ चार दिवस ठेवतो, आणि पुढच्या महिन्यात या जातीचा आणखी एक धाडा. मग पाटीवर दुसऱ्या दिवसाची वेळ लिहिली गेली. खेळ सातला, बायकांचे दार साडेपाचला उघडेल, तिकिटे प्रयागबाईकडे.